ळ पासून सुरू करा: पोरांना ऋतूंच्या हातानं अक्षरं कशी शिकवायची

पावसाळा, हिवाळा, उन्हाळा. जरा मोठ्यानं म्हणून बघा. तिन्हींच्या शेवटी ळा येतोय. मला हे पस्तीस वर्षांत कधी जाणवलं नव्हतं, माझ्या लेकीनं साडेचार वर्षांची असताना दाखवलं. कोल्हापुरात रंकाळा तळ्यावर भेळ खात बसलेलो, पावसाची भुरभुर चालू होती, आणि ती मधेच म्हणाली, आई, रंकाळा, पन्हाळा, पावसाळा सगळे सारखेच संपत्यात की. आणि मग हातातल्या कागदाकडं बघून, भेळ पण!

आता भिंतीवरच्या तक्त्यात ळ कुठं असतो बघा. पार शेवटी, ह च्या नंतर, क्ष ज्ञ च्या आधी. ळ नं मराठीत शब्द सुरू होत नाही म्हणून तिथं बाळाचं नाहीतर नळाचं चित्र टाकलेलं असतं. म्हणजे तक्त्याच्या क्रमानं गेलं तर पोराला ळ भेटणार वर्ष संपताना, आणि इकडं कोल्हापुरात ते अक्षर दिवसभर त्याच्या तोंडात असतं, गूळ, डाळ, केळ, नारळ, तांदूळ. त्या रात्री मी ताटात रवा पसरला आणि दोन लाडू शेजारी शेजारी ठेवल्यासारखा ळ बोटानं काढून दाखवला. तिनं तो त्याच दिवशी उचलला. आमच्या घरात अ च्या आधी ळ आला.

मी शाळेतली बाई नाही, घरी शिवणकाम करते. पण त्या पावसाळ्यानंतर आमच्या कट्ट्यावर संध्याकाळी गल्लीतली पाच-सहा पोरं जमायला लागली ती आजपर्यंत, तीन ते सहा वयाची, आणि चार वर्षं हेच करून जे कामाला आलं तेवढंच इथं लिहिते. एकच गोष्ट धरून चाला, जी वस्तू ज्या महिन्यात दारात येते तिचं अक्षर त्या महिन्यात शिकवायचं. अननस वर्षातनं एकदा दिसतो आणि ईडलिंबू तर पोरांनी कधी हातातही घेतलेलं नसतं, मग अ आणि ई नुसत्या चित्रावर किती दिवस टिकणार.

आधी कान, मग बोट, पेन्सिल पार शेवटी

हे सगळ्या खेळांना लागू आहे म्हणून आधीच सांगते.

तीन-साडेतीन वर्षांच्या पोराला नुसता आवाज ओळखता आला तरी भरपूर झालं. आपल्या लिपीचं एक लई चांगलं आहे, अक्षराचं नाव आणि त्याचा आवाज एकच. क म्हणजे क. इंग्रजीत एच म्हणायचं आणि वाचताना ह, तसला घोळ आपल्याकडं नाही. म्हणून स्वयंपाक करता करता, भाजी निवडता निवडता विचारायचं, भेंडी, भात, भाकरी, भोपळा, कुठला आवाज सारखा येतोय? बस. अक्षर दाखवायचंच नाही अजून. पंधरा दिवस नुसतं कानाचंच चालू दे.

चारच्या पुढं बोट. रवा पसरलेलं ताट, ओला चिखल, धुक्यानं भरलेली काच, हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा पॉलिश पेपर कापून केलेलं अक्षर. बोटाला खरखरीत लागलं की वळण लक्षात राहतं. ताटात रांगोळी घेऊ नका, पोरं तेच हात डोळ्याला लावतात. रवाच घ्या, आणि तो वेगळा डबा करून ठेवा. बोटानं काढतानाही डावीकडून उजवीकडं आणि डोक्यावरची रेघ शेवटी, एवढं एकच वळण पहिल्यापासून लावा, बाकी वाकडंतिकडं आलं तर येऊ दे.

पेन्सिल पाच-साडेपाचला. त्याआधी बोटांत जोर नसतो, पोरगं पेन्सिल मुठीत आवळून धरतं, हात दुखतो आणि मग वहीच नको वाटते. बोटांत जोर आणायचा तर मटार सोलायला द्या, कणीक मळायला द्या, चिखल द्या.

दिवसाला पंधरा मिनिटं, आठवड्याला दोन अक्षरं. त्याच्यापुढं ओढू नका. दोन-दोननं गेलं तरी सहा-सात महिन्यांत सगळी मुळाक्षरं होतात, आणि मधे सण, ताप, पाहुणे धरून वर्ष लागलं तरी काही बिघडत नाही.

हे बाहेरच्या वस्तूंनी शिकवायचं काही मी काढलेलं नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ ला बोर्डीला बालवाडी काढली, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, पुढं काम कोसबाडला गेलं, आणि तिथं विकतची महागडी साधनं परवडणारी नव्हती म्हणून खडे, पानं, शिंपले, बिया असलं आजूबाजूला मिळणारं घेऊनच त्यांनी पोरं शिकवली. आपल्याकडं तर चिखलापासून काकवीपर्यंत सगळं आहे.

क्रमाचं म्हणाल तर जुन्या लोकांचा ग म भ न चा क्रम मी मनात ठेवते, कारण त्यात वळणं सारखी आहेत. ग आला की म सोपा, म आला की भ, मग न. तसंच व, ब, क. ट, ठ, ढ, द. प, फ, ष. म्हणजे ऋतूनं एक अक्षर आणून दिलं की त्याच वळणाचं दुसरं त्याच्या मागनं घ्यायचं. फक्त भ-म, घ-ध, आणि ब-व ह्या जोड्या एकाच आठवड्यात घेऊ नका. एक चांगला पक्का झाला की महिन्यानं दुसरा.

पावसाळा

आमच्याकडं सगळ्यात जास्त अक्षरं पावसाळ्यातच होतात. पोरं घरात अडकलेली असतात आणि बाहेर चिखल फुकट असतो.

बेंदराला कुंभाराकडनं चिखलाचे बैल आणतो तेव्हा मूठ-दोन मूठ माती मागून आणा, मागितली की देतात. बैल पूजेला ठेवायचा, आणि उरलेल्या मातीची करंगळीएवढी जाड वळी करून पोराला द्यायची. त्याच वळीचा ब करायचा. आधी एक गोल आणि एक काठी करा, मग त्या गोलाच्या पोटात आडवी काडी घाला, झाला ब. बैल आणि ब शेजारी शेजारी वाळत ठेवा. त्याच वेळी औ पण होऊन जातो, बैलाच्या मागं काय? औत. औषधाच्या बाटलीचं चित्र बघून औ शिकण्यापेक्षा हे बरं, आणि शेतात रोपलावण चालू असते तर गावाकडं नेऊन खरं औत दाखवा. रोपाचा र, भाताचा भ, चिखलाचा च.

च वरनं एक सांगायचं राहिलं असतं. च, ज, झ चे आपल्यात दोन-दोन आवाज आहेत. चाक म्हणताना जीभ दाताला लागते, चहा म्हणताना नाही. जांभूळ आणि जिलेबीचा ज वेगळा. पोरगं "हे सारखं नाही" म्हणालं तर त्याचं बरोबर आहे, त्याला तसं सांगा. दोन्ही आवाजांना आपण एकच अक्षर वापरतो, एवढं सांगितलं की पोरं मानतात. मी आधी एकाला उगाच दटावलं होतं, त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण त्याचा कान माझ्यापेक्षा बरा होता.

आता ढ.

आमच्या कट्ट्यावर शेजारच्या काकूंचा नातू येतो. पाच वर्षांचा होता तेव्हा, बोलायला उशिरा लागलेला, अक्षरं ओळखायला अजून तयार नव्हता. एका घरगुती कार्यक्रमात नात्यातल्या कुणीतरी सगळ्यांसमोर म्हटलं, हा अजून ढच आहे. दुसऱ्या दिवशी त्यानं मला येऊन विचारलं, काकू, ढ म्हंजे काय? मला काय उत्तर द्यावं सुचेना. आषाढ चालू होता. त्र्यंबोलीच्या यात्रेचे दिवस, पंचगंगेचं नवं पाणी कलशात घेऊन टेंबलाईला, म्हणजे त्र्यंबोलीच्या देवळाला जातात, मंगळवारी आणि शुक्रवारी गल्लीगल्लीतनं मिरवणुका निघतात, पी ढबाक पी ढबाक वाजत. तेवढ्यात आमच्या कोपऱ्यावरनं ते वाजत आलं. मी त्याला म्हटलं, ऐक, ढ हा बघ. ढबाक! ढोल! वर बघ, ढग! आम्ही सगळी पोरं घेऊन रस्त्यावर आलो आणि मिरवणूक जाईपर्यंत ढ ढ ढ करत नाचलो. संध्याकाळी चिखलाची वळी घेऊन ट केला आणि त्याचं शेपूट आत वळवलं. ढ झाला. त्यानं तो घरी नेऊन खिडकीत ठेवला. नंतर भाजीच्या गाड्यावर ढबू मिरची दिसली की तो ओरडून सांगायचा. त्याला आलेलं हे पहिलं अक्षर.

म्हणून माझं सगळ्या आईबापांना, आज्या-आजोबांना हात जोडून सांगणं आहे, पोराला ढ म्हणू नका, चेष्टेतही नाही. शाहू महाराजांनी १९१७ ला संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं तेव्हा पोर शाळेत आलं नाही तर महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता, आणि तो आईबापाला होता. पोराला नव्हता. हे मी कायम लक्षात ठेवते.

पावसातले बाकीचे खेळ पटापट सांगते. कागदाच्या होड्या करा, प्रत्येकीवर एक अक्षर, दारापुढच्या वाहत्या पाण्यात सोडा आणि जी पुढं जाईल तिचं अक्षर ओरडायचं. होड्या फक्त दारात, गटारीच्या आणि नदीच्या पाण्यात नाही, पुराचं पाणी गल्लीत आलं असेल तर अजिबात नाही. त्या दिवसांत घरात सगळे विचारत असतात, राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटावर आलं? ३९ ला इशारा, ४३ ला धोका. ते आकडे रोज दाराच्या मागं खडूनं लिहायला पोराला लावा, अंक त्यातनं येतात, आणि घाबरलेल्या पोरालाही हाताला काम मिळतं. पूर ओसरल्यावर जे राहतं ते गाळ, आणि आपल्या तोंडावर असतो तो गाल. इथंच ल आणि ळ चा खेळ घ्या. वेल-वेळ, मूल-मूळ, काल-काळ, चाल-चाळ. मी शब्द म्हणते, जीभ मागं वळली की पोरांनी बसायचं, नाही वळली तर उभं राहायचं. ह्या खेळाला ना वही लागते ना जागा, आणि पोरं थकेपर्यंत खेळतात.

आषाढी एकादशीला नंदवाळच्या दिंडीबरोबर चाललात तर ज्ञ घ्या. ज्ञानोबा-तुकाराम कानावर पडतच असतं, आणि नंदवाळमध्ये ळ आहे हे पोरंच सांगतील तुम्हाला. गणपतीला शाडूचा ण. ण पण शब्दाच्या सुरुवातीला येत नाही, तक्त्यात बाण असतो, पण बाण कुणी बघितलाय? ग-ण-प-ती टाळ्या वाजवत चार तुकड्यांत म्हणा, दुसऱ्या टाळीला ण. गौरीला झिम्मा आणि फुगडी, झ आणि फ आपोआप.

आणि हादगा. हा खेळ बऱ्याच घरांतनं बंद पडायला लागलाय आणि अक्षरांसाठी त्याच्याएवढं चांगलं काहीच नाही. हस्त नक्षत्र लागलं की पाटावर हत्ती काढायचा, पोरांनी फेर धरायचा, गाणी म्हणायची, आणि शेवटी खिरापत ओळखायची. ही खिरापत ओळखतानाच सगळी मजा आहे. डबा झाकलेला असतो, पोरं गोड का तिखट विचारतात, आम्ही त्यात फक्त एवढं वाढवलं की डब्यावर पहिलं अक्षर खडूनं लिहायचं. श लिहिला की पोरं शिरा, शेंगदाणे, शंकरपाळी, शेव ओरडतात. एकदा ल लिहिला होता, सगळे लाडू लाडू म्हणत होते आणि आत लाह्या निघाल्या. एका संध्याकाळी एका अक्षराचे दहा-दहा शब्द होतात ते असे. ओळखायला पोरं कशी धडपडून शब्द शोधतात ते तुम्ही बघाच.

दसऱ्याला पाटीवर एकांची सरस्वती काढतो, ती पोरालाच काढू द्या. कितीही तिरकी आली तरी त्याच पाटीची पूजा करा. ललितापंचमीला टेंबलाईवर कोहळा फोडतात, तो दाखवायला नेलंत तर ळ ची उजळणी होते.

हिवाळा

दिवाळीचा किल्ला हे कोल्हापूरच्या पोरांचं खरं वर्षभराचं काम. शाळेला सुट्टी लागली की माती, दगड, पोती जमवायला सुरुवात. मोठी पोरं किल्ला बांधतात आणि बारक्यांना हाकलून लावतात, म्हणून बारक्यांना पाट्यांचं काम द्या. आइस्क्रीमच्या काड्यांवर पुठ्ठ्याचे तुकडे चिकटवायचे आणि लिहायचं, बुरूज, तोफ, विहीर, दार, मावळा. पूर्ण शब्द येत नसला तर नुसतं पहिलं अक्षर. तोफेपुढं त. पण त्याची पाटी किल्ल्यावर लागली पाहिजे, ह्यात माघार घेऊ नका, मोठ्या भावंडांना समजावा.

किल्ल्यावर हिरवळ यायला आपण अळीव किंवा मोहरी पेरतो. त्यातच अक्षर पेरायचं. हे कसं करायचं ते नीट सांगते कारण पहिल्या वर्षी आमचं सगळं फसलं होतं, अक्षर एवढंसं काढलं आणि उगवल्यावर नुसता हिरवा गोळा झाला. एक पसरट ताटली नाहीतर किल्ल्याचाच सपाट उतार घ्या. चाळलेली ओली माती दोन बोटं जाड थापा. अक्षर कमीत कमी वीतभर मोठं पाहिजे, बोटानं रेघ खोलगट ओढा. अळीव वाटीत थोडं पाणी घालून दहा-पंधरा मिनिटं ठेवलं की बुळबुळीत चिकट होतं, ते चमच्यानं फक्त रेघेतच सोडायचं, दाट नको. वर माती घालायची नाही. एक दिवस ओलं फडकं झाकून ठेवा, मग काढा आणि सकाळ-संध्याकाळ हातानं पाणी शिंपडा, ओतायचं नाही, ओतलं की बी वाहून जातं. तिसऱ्या दिवसापर्यंत पांढरे कोंब दिसतात, पाच-सहा दिवसांत अक्षर हिरवं उभं राहतं. वसुबारसेला दिसायला पाहिजे असेल तर आठवडाभर आधी पेरा.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्यानं स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर पेरलं होतं. रोज सकाळी उठल्या उठल्या अंगणात जाऊन आडवा पडून बघायचा, नाक मातीला लागेपर्यंत. चौथ्या दिवशी आत पळत आला, आई, माझं अक्षर उगवालंय! त्यानंतर त्याला ते अक्षर कुणी विचारायची गरज पडली नाही. नंतर कात्रीनं कापून आम्ही ते भाकरीबरोबर खाल्लं.

दिवाळीचा फराळ करताना चकलीच्या पिठाचा एक गोळा पोरांसाठी बाजूला काढा. सोऱ्यातनं लांब नळी पाडून द्या, त्याची अक्षरं करायची. तळायचं काम तुम्ही करा. तळल्यावर अक्षर तुटतं, मग तुटलेला भ म झाला का न, तेच बघत बसतात.

थंडी पडली की गुऱ्हाळं जोरात असतात. पोरांना एकदा तरी न्या, गूळ दुकानात पुड्यात मिळतो असं समजणारी पोरं आता कोल्हापुरातही आहेत. काहिलीपासून लांब उभं करा, रस उकळत असतो आणि उडतो, हात सोडू नका. उसाचं चिपाड मूठभर मागून आणा, त्याच्या काड्या तोडून सरळ रेघांची अक्षरं जमिनीवर लावता येतात. आणि बाटलीभर काकवी आणा. पसरट ताटलीत पातळ थर द्या, धुतलेल्या बोटानं अक्षर काढायचं, रेघ हळूहळू मिटते, मिटायच्या आत नाव सांगायचं आणि बोट चाटायचं. क काकवीचा, ह्याला कुठलं चित्र लागत नाही. दिवसाला दोनच अक्षरं, नाहीतर पोटं बिघडतील.

इथं एक गोष्ट. आपण सवयीनं "ऊ उसाचा" म्हणतो आणि तिथंच पोरगं गोंधळतं, कारण ऊस मध्ये दीर्घ ऊ आहे पण उसाचा म्हटलं की तो ऱ्हस्व होतो. गूळ-गुळाचा, फूल-फुलाचं तसंच. म्हणून असल्या शब्दांना "चा" लावून शिकवणं मी सोडून दिलं. वस्तू हातात द्यायची, विचारायचं हे काय, ऊस, मग पहिला आवाज काढ, ऊऊऊ. लांब ओढायला लावायचं. गूऊऊळ. दीर्घ म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

संक्रांतीला तिळगुळातनं त, स सुगडाचा, आणि बोरन्हाणाला बोरं वेचता वेचता ब ची उजळणी. शेकोटी विझली की दुसऱ्या दिवशी थंडगार कोळसा घेऊन अंगणात अक्षरं काढू द्या, आणि कोळसा म्हणजे परत ळ. कपडे खराब होतात. जुने घाला.

उन्हाळा

फेब्रुवारी-मार्चला तासगावकडची द्राक्षं बाजारात येतात. तेव्हा क्ष घ्या. तक्त्यातला क्षत्रिय तीन वर्षांच्या पोराला समजत नाही, द्राक्ष तोंडात टाकलं की क्ष कुठं आहे ते शोधतं. ऋ ला ऋषीच पाहिजे असं काही नाही, ऋतू म्हणा, वर्षभर आपण तेच तर करतोय. ॲ आणि ऑ शासनाच्या २००९ च्या निर्णयानं वर्णमालेत आलेत, बॅट आणि बॉल दारातच पडलेले असतात, त्यातनं होऊन जातात. ङ आणि ञ साठी मी आत्ता जीव काढत नाही.

अनुस्वाराला मात्र आमच्या गावासारखं गाव नाही. पंचगंगा, रंकाळा, गंगावेश, अंबाबाई, तांबडा-पांढरा. सुट्टीत के.एम.टी.च्या बसनं फिरताना पोराच्या हातात पाच-सहा टिकल्या द्या, आणि तुम्ही नाव म्हणाल तेव्हा नाकात आवाज घुमला की हाताच्या मागं एक टिकली लावायची. बिंदू चौकात उतरलात की अनुस्वार दाखवायचा, डोक्यावरचा बिंदू. पाडव्याला ग गुढीचा, चैत्रात जोतिबाचा गुलाल दारात येतो, त्यातला चिमूटभर ताटात पसरून गु आणि ला. काना-मात्रा इथनं सुरू करता येतात, पण आधीची अक्षरं पक्की असतील तरच, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात घ्या.

मे महिन्यात कुरडया, सांडगे, शेवया चालू असतात, प्लास्टिकवर दोन सांडगे पोरांचे, त्यांना पाहिजे त्या अक्षराचे. करवंदं, जांभळं, फणस, आंबे, ह्यांची नावं मी सांगत बसत नाही, पोरांच्या तोंडावर डाग पडलेले असतात.

एक बारीक पण कामाची गोष्ट. सुट्टीत बरेच जण मोबाईलवरनं अक्षरांचे तक्ते प्रिंट काढून देतात. त्यात ल आणि श नीट बघा. पुष्कळ ठिकाणी ते हिंदी वळणाचे येतात. मराठीत आपला ल पाकळीचा आणि श देठाचा, पुस्तकात पोराला तेच दिसणार आहे. घरी एक आणि शाळेत दुसरं बघितलं की बिचाऱ्याला वाटतं आपलंच चुकलं. प्रिंटपेक्षा स्वतःच्या हातानं मोठ्या खडूनं लिहून दिलेलं बरं.

आणि उन्हाळ्यातला माझा सगळ्यात आवडता खेळ, ज्याला एक पैसा लागत नाही. दुपार कलली की कट्टा तापलेला असतो. एक बादली पाणी आणि रंगवायचा जुना ब्रश, दोन इंची, नाहीतर केरसुणीचा तुटका बुडखा. पोरांनी कट्ट्यावर पाण्यानं अक्षर काढायचं. पाहिजे तेवढं मोठं, हातभर सुद्धा, म्हणजे नुसतं बोट नाही, पूर्ण खांदा फिरतो. मिनिटाभरात ते वाळून जातं. जे पोर वहीत चूक होईल म्हणून पेन्सिल टेकवत नाही ते इथं न घाबरता काढतं, कारण चुकलेलं आपोआप जातं, खोडायला नको, कुणी लाल पेन फिरवायला नको. ज्याला ढ म्हटलेलं तो पोरगा पहिल्यांदा पूर्ण शब्द इथंच लिहिला, ढग, आणि ग ची काठी काढेपर्यंत ढ अर्धा उडालेला.

१५ जूनच्या आसपास शाळा सुरू होते. त्याच्या आधीचे पंधरा दिवस आम्ही रोज एवढंच करतो, ज्याला जे आठवेल ते काढायचं, मी विचारत नाही, बसून बघते. परवा धाकट्यानं कट्ट्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ळ काढले, शेवटचा काढून मागं वळला तर पहिले चार गायब.

"आई, ळ उडाले! मी परत काढतो."

बादली भरलेली ठेवा.